दम्याचे औषध आणि श्वासाची वाट

रोग्याला श्वास मिळावा म्हणून त्याची हाडे ठिसूळ होऊ द्यावीत काय, असा पेच विसाव्या शतकाच्या मध्यास दम्याच्या वैद्यांपुढे उभा होता. इ. स. १९४८ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिझोन वापरले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. हे द्रव्य व त्याच्या कुळातील प्रेडनिसोलोन पुढे दम्यावरही दिले जाऊ लागले. परंतु पोटात घेतलेली गोळी रक्तावाटे सर्वांगात पसरते. वर्षानुवर्षे ती घेणाऱ्यांचे चेहरे सुजत, हाडे झिजत, मुलांची वाढ खुंटे. आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी, आयता पुरवठा होऊ लागताच, आपले काम सोडून स्वस्थ बसत.

शिवाय गुण सर्वांना सारखा येत नसे. डर्बी येथील डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनी रुग्णांचा कफ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ज्यांच्या कफात इओसिनोफिल नावाच्या पेशी विपुल, त्यांनाच प्रेडनिसोलोन लागू पडते, हे त्यांनी १९५८ मध्ये दाखविले. सरंजाम किती थोडा, आणि निष्कर्ष केवढा! दमा म्हणजे श्वासनलिकेचे केवळ आकुंचन नव्हे, तिच्या अस्तराचा दाहही आहे, याची ती खूण होती.

मग औषध त्या अस्तरावरच का टाकू नये? मोजून मात्रा देणारी फवाऱ्याची डबी १९५६ पासून उपलब्ध होती. पण आरंभीची स्टिरॉइडे तीतून दिली, तर गुण येत नसे किंवा ती रक्तात मिसळून जुनेच दोष उत्पन्न करीत. अखेर त्वचेच्या मलमातील बेक्लोमेथासोन कामी आले. मॉरो ब्राउन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ६० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. गोळी मिलिग्रॅमने मोजावी लागे, फवारा त्याच्या सहस्रांश मापाने, मायक्रोग्रॅमने. अनेकांच्या गोळ्या सुटल्या.

येथेच एक घात दडलेला होता. गोळी एकाएकी थांबविली, तर निद्रिस्त ग्रंथी संकटकाळी जागी होत नाही. अशा बदलाच्या काळात काही रुग्ण दगावलेही. म्हणून गोळी हळूहळू, वैद्याच्या देखरेखीखाली, घटविण्याचा दंडक पडला. घशात बुरशीचे पांढरे चट्टे उठणे, आवाज बसणे, हे फवाऱ्याचे आपले दोष. त्यांवर चूळ भरून टाकणे हा उपाय अगदी घरगुती.

फवारा धाप लागण्याची वाट न पाहता रोज घ्यावयाचा, हे रुग्णाला पटविणे मात्र कठीण गेले. नळी तात्काळ मोकळी करणाऱ्या फवाऱ्याचा गुण काही मिनिटांत दिसतो, याचा दिवसांनी. आणि बरे वाटताच माणूस औषध सोडतो. कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या नोंदींवरून २००० साली असे दिसले, की अल्प मात्रेचा स्टिरॉइड फवारा नियमित घेणाऱ्यांत दम्याने मृत्यू कमी होतात, आणि तो सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण घेत राहणाऱ्यांपेक्षा अधिक असते. २०१९ मध्ये दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही, प्रौढांना व किशोरवयीनांना नुसता नळी मोकळी करणारा फवारा देऊ नये, त्याच्या जोडीला स्टिरॉइड असावे, अशी शिफारस केली.