कसुबीच्या राजसमाधी आणि प्रकाशाची मोजपट्टी

युगांडा हे नाव कानी पडताच आम्हां कॅथलिकांच्या डोळ्यांपुढे संत चार्ल्स ल्वांगा आणि त्यांचे सोबती उभे राहतात. त्यांपैकी अनेकांना ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे जिवंत जाळण्यात आले. पुढे १८ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी युगांडाच्या २२ कॅथलिक हुतात्म्यांना संतपद बहाल केले. दरवर्षी ३ जूनला आपण त्यांचा सण पाळतो. परंतु ज्याच्या कारकिर्दीत व ज्याच्या आज्ञेने हे हत्याकांड घडले, त्या म्वांगा राजाचे पुढे काय झाले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

म्वांगा हा बुगांडा राज्याचा कबाका, म्हणजे राजा. १८९९ साली ब्रिटिशांनी त्याला पदच्युत अवस्थेत सेशेल्स बेटांवर हद्दपार केले. तेथे त्याने अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला आणि दानिएल हे नाव धारण केले. १९०३ साली परक्या भूमीवरच त्याचा अंत झाला. १९१० साली त्याचे अवशेष मायदेशी आणून कंपाला येथील कसुबी टेकडीवर, त्याचा पिता पहिला मुटेसा याच्या शेजारी पुरण्यात आले. पुढे दाउदी च्वा आणि दुसरा मुटेसा हे राजेही तेथेच विसावले. मुख्य वास्तूच्या मागे राजकुलातील इतरांची दफनभूमी आहे.

ही मुख्य वास्तू दगडी नव्हे. १८८२ साली पहिल्या मुटेसाने ती राजवाडा म्हणून बांधली आणि १८८४ साली त्याच्या मृत्यूनंतर ती समाधी झाली. लाकूड, बोरू आणि गवत यांनी शाकारलेला तो एक प्रचंड घुमट. छताच्या आतील ५२ कडी म्हणजे बुगांडाची ५२ कुळे. आत झाडाच्या सालीपासून केलेल्या वस्त्राचा पडदा असतो. त्याच्यामागे चारही राजांच्या कबरी असून त्या जागेला तेथील लोक पवित्र ‘अरण्य’ मानतात. तेथे सर्वसामान्यांना प्रवेश नसतो. २००१ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

त्याच वर्षी मार्च महिन्यात अफगाणिस्तानातील बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडविण्यात आल्या. इराकमधील मोसुल येथे जन्मलेले अभियंते बेन कासिरा यांना त्या घटनेने अस्वस्थ केले. सहज वाहून नेता येईल असे लेझर मोजणीयंत्र घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००३ साली त्यांनी पत्नीसह अमेरिकेत ‘सायआर्क’ ही संस्था स्थापिली. प्राचीन वास्तू नष्ट होण्यापूर्वीच त्यांची अचूक नोंद करून ठेवावी, हा तिचा उद्देश.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. यंत्रातून निघालेला प्रकाशकिरण भिंतीवर आदळून परततो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर हा ठाऊक असल्याने, जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. अशी हजारो मोजमापे यंत्र एका सेकंदात घेते. निरनिराळ्या जागी उभे राहून टिपलेले हे कोट्यवधी बिंदू संगणकावर जुळविले की वास्तूची हुबेहूब आकृती उभी राहते.

कसुबीची अशी मोजणी २००९ साली झाली. त्यानंतर वर्षभरातच, १६ मार्च २०१० च्या रात्री, आग लागून ते भव्य गवती छत जळून खाक झाले. त्याच वर्षी युनेस्कोने हे स्थळ धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले. लोकांनी डोळ्यांदेखत सारे गमावले. उरली ती ठिणगी पडण्यापूर्वी घेतलेली मापे.

तथापि केवळ मापांनी घर उभे राहत नाही. गवताच्या पेंढ्या कशा बांधाव्यात, हे ज्ञान एंगेये कुळातील शाकारणाऱ्यांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहे. जुन्या जाणत्यांनी तरुणांना ते शिकविणे, विधी यथाक्रम पार पाडणे, जपानच्या साहाय्याने आगीपासून बचावाची व्यवस्था करणे यांत एका तपाहून अधिक काळ गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये कसुबीचे नाव धोक्याच्या यादीतून वगळण्यात आले. प्रकाशाचा किरण पृष्ठभाग तेवढा टिपतो. पडद्यापलीकडे तो जात नाही, आणि कारागिराच्या बोटांतले कसबही त्याला दिसत नाही.

आमच्या संतांचा छळ करणाऱ्या राजाच्या कबरीची आम्ही एवढी आस्थेने विचारपूस का करावी, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते, ती अवश्य करावी. ज्यांनी प्राण दिले आणि ज्याने ते घेतले, त्या सर्वांचा इतिहास एकच आहे. त्यातले एक पान जळाले तर दुसरेही अपुरे वाचले जाते. शिवाय, शत्रूंसाठी प्रार्थना करा, ही प्रभूची आज्ञा कबरीपाशी संपत नाही.

आपल्या धर्मग्रामांच्या दफनभूमींत असे महागडे यंत्र येईल तेव्हा येवो. तोपर्यंत झिजत चाललेल्या क्रुसांवरील नावे व तारखा वहीत उतरवून घेणे, छायाचित्रे काढणे आणि कोण कोणाचे कोण हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. २ नोव्हेंबरला मेणबत्ती लावण्यासाठी आपण तेथे जातोच. त्या दिवशी सोबत एक वही असावी.