मिले सुर, १४ भाषा आणि आमच्या गावची एक राहिलेली

परवा रात्री यूट्यूबवर भटकता भटकता पुन्हा एकदा 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं. एकदा लागलं की मध्येच बंद करता येत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. पण यावेळी डोक्यातला इंजिनिअर जागा होता. कागद घेतला आणि गाण्यात कुठकुठल्या भाषा येतात त्याची चक्क लिस्ट काढली.

लिस्टकडे येतोच. आधी थोडा इतिहास.

१५ ऑगस्ट १९८८. पंतप्रधान राजीव गांधींचं भाषण झालं आणि त्यानंतर हा व्हिडिओ दूरदर्शनवर पहिल्यांदा दिसला. कल्पना जाहिरात क्षेत्रातल्या सुरेश मलिक यांची, चित्रीकरण कैलाश सुरेंद्रनाथ यांचं, शब्द पीयूष पांडे यांचे. पांडे सांगायचे की मलिकसाहेबांनी त्यांचे १७ मसुदे परत पाठवले, अठरावा पास झाला. (क्लायंटने तिसऱ्यांदा बदल सांगितला म्हणून कँटीनमध्ये रडणाऱ्या मित्रांनो, वाचताय ना?) पांडे २०२५ मध्ये गेले. संगीतात दोन मोठी नावं : अशोक पत्की आणि लुई बँक्स. म्हणजे आपल्या मराठी जाहिरातींच्या जिंगल्स आणि भावगीतं करणारे पत्की, आणि दुसरीकडे जॅझवाले बँक्स.

राग भैरवी. मैफल भैरवीने संपवायची आपल्याकडची रीत, इथे भीमसेनजी भैरवीनेच सुरुवात करतात. हे भीमसेनजी म्हणजे स्वतःच एक छोटं 'मिले सुर' : जन्म गदगचा, घरची भाषा कन्नड, आयुष्य पुण्यात, आणि इथे गातात हिंदीत. पुढे शिकारे, हत्ती, कलकत्त्याची मेट्रो, कमल हासन, आपली तनुजा, आणि शेवटी लताबाई. सगळं तुम्हाला पाठ आहे. पुढे जाऊ.

तर गाण्याचा अर्थ. वरवर अगदी सोपा : दोघांचे वेगळे सूर जुळले की जो तयार होतो तो दोघांचाही. पण इथे एक गंमत आहे. हिंदीत 'हमारा' म्हटलं की त्यात समोरचा आहे की नाही, हे कळत नाही. मराठीत मात्र पळवाट नाही. 'आमचा' म्हणा नाहीतर 'आपला' म्हणा. 'आमचा' म्हटलं तर तू बाहेर, 'आपला' म्हटलं तर तू आत. गाण्याला अर्थात 'आपला'च म्हणायचंय. प्रश्न एवढाच, की या 'आपल्या'त कोणकोण?

आता लिस्ट. हिंदी, काश्मिरी, पंजाबी, सिंधी, उर्दू, तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम, बंगाली, असमिया, उडिया, गुजराती, मराठी. झाल्या १४. मग राज्यघटनेची आठवी अनुसूची उघडली. १९८८ साली तिच्यात १५ भाषा होत्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तर फरक फक्त एक : संस्कृत. बाकी तंतोतंत!

ठरवून केलं की आपोआप झालं, त्यात मी पडत नाही. पण परिणाम बघा. मारिओ मिरांडा व्हिडिओत दिसतात, त्यांच्या गोव्याची कोकणी मात्र ऐकू येत नाही. कोकणी अनुसूचीत आली १९९२ मध्ये. संथाळी आली २००३ च्या घटनादुरुस्तीने. गाणं तोवर जुनं झालेलं.

आणि आता आमचं नागपूर. हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास. महालात गोंड राजाचा किल्ला अजून आहे. पण गोंडी ना त्या यादीत होती, ना आज आठव्या अनुसूचीत आहे. बरं, बोलणारे कमी म्हणाल, तर तेही नाही. १९९१ च्या जनगणनेत सिंधी आणि गोंडी दोन्ही २१ लाखांच्या आसपास. २०११ मध्ये सिंधी जवळपास २८ लाख, गोंडी जवळपास ३० लाख.

स्वतःचं राज्य नाही म्हणून? सिंधीलाही नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी आमच्या शहरात जरीपटका उभा केला, आणि त्यांची भाषा १९६७ मध्ये अनुसूचीत आली. ते योग्यच झालं, त्यात दुमत नाही. जरीपटक्यातला माझा एक मित्र सांगतो, लहानपणी टीव्हीवर हे गाणं लागलं की त्याची आजी स्वयंपाकघरातून बाहेर यायची. त्या सिंधी ओळीपुरतं घरात कोणी बोलायचं नाही. ती ओळ गेली की आजी परत पोळ्या लाटायला. गाव सुटलेल्या बाईला सरकारी टीव्हीवर स्वतःच्या भाषेचे पाच-सहा सेकंद मिळायचे, आणि तेवढ्यासाठी ती गॅस बंद करून यायची.

गोंड घरातली अशी एखादी आजी कुठल्या ओळीसाठी बाहेर आली असती?

यात आणखी एक बारकावा आहे, तो मला फारच टोचला. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक आपल्या मराठीत द्राविडी भाषांच्या सहवासातून आला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि गोंडी ही द्राविडी भाषा. तेलुगूची नातलग, मराठीची बोली वगैरे नव्हे (हा गैरसमज नागपुरातही भरपूर आहे बरं का). म्हणजे ज्या कुळाच्या शेजारामुळे आपल्याला 'आपला' म्हणता येऊ लागलं, त्यातलीच एक भाषा आपल्या यादीतून राहिली.

२६ जानेवारी २०१० ला 'फिर मिले सुर' आलं. पहिल्याच्या दुपटीहून जास्त लांबीचं, हिंदी सिनेमातल्या ताऱ्यांनी भरलेलं. मी एकदाच पाहिलं. पुन्हा बघावंसं वाटलं नाही, तुम्हाला वाटलं असेल तर कळवा.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचं एक छोटं गाव आहे. २०१९ मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा काढली. शासनाची मान्यता नव्हती, शाळा अनधिकृत ठरली, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत आलं. बख्त बुलंद शाहच्या गावात, त्याच्या भाषेतली शाळा चालवू द्या म्हणून.