वाटीभर पाणी आणि दाढीचा ब्रश

माझ्या हातून घडलेला पहिला मोठा गुन्हा दाढीच्या ब्रशाने घडला. वय असेल नऊ-दहा वर्षांचे. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. मुंबईचे चाकरमानी दासगावला एस्टीतून उतरू लागले होते, आणि माझ्या आकाशकंदिलाच्या कामट्यांवर अजून कागद चढला नव्हता. आमच्या घरी देवपूजा नव्हती. पण कंदिलाला आजोबांची हरकत नसे. "उजेडाला जात नसते," असे ते म्हणत. खळ शिजवून तयार होती, पण ती कागदाला लावायला काही सापडेना. तेवढ्यात पडवीच्या खांबावर उलटा टांगलेला आजोबांचा ब्रश दिसला. पुढे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल.

आजोबा बाहेरून आले तेव्हा कंदील झकास झाला होता आणि ब्रशाचा झुबका वाळलेल्या खळीने लाकडासारखा ताठ झाला होता. आता पाठीवर काहीतरी पडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण पडले काहीच नाही. आजोबा खाली बसले, ब्रश हातात घेऊन त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला, आणि म्हणाले, "आईकडून वाटीभर पाणी आण. कढत नको, कोमट. कढत पाण्याने मुळातला डिंक सुटतो आणि केस गळतात."

ती सारी संध्याकाळ आम्ही दोघे त्या ब्रशाशी बसलो. भिजवायचा, बोटांनी हलकेच चोळायचा, पाणी बदलायचे, जुन्या फणीने केस विंचरायचे. आणि हे चालू असता आजोबांनी मला जे सांगितले, तो मी शिकलेला इतिहासाचा पहिला धडा. पुढे मास्तर होऊन मी मुलांना तह शिकवले, सनावळ्या पाठ करून घेतल्या, चार कादंबऱ्याही लिहिल्या. परंतु त्या वाटीभर पाण्याइतका इतिहास मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडला नाही.

आता ब्रश ही वस्तू काही आपल्याकडची नव्हे. आपला न्हावी काखेत धोकटी मारून यायचा. तिच्यात वस्तरा, कात्री, आरसा, नखे काढायची नराणी आणि पाण्याची वाटी. पाण्यात बोटे बुडवून तो गाल चोळचोळून दाढी भिजवी, आणि मग वस्तरा चाले. ब्रशाने फेस काढण्याची रीत युरोपातली. पॅरिसमध्ये जाँ-जाक पेरे नावाचा एक चाकू-कात्र्या बनवणारा कारागीर होता. त्याने 1769 मध्ये एक पुस्तक छापले. त्याचा विषय होता, स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकण्याची कला! आज हसू येईल. पण तोवर तिथेही भल्या माणसाची हनुवटी न्हाव्याच्याच हाती असे, हे त्यावरून ध्यानात येते.

ब्रशाचे काम दिसते तेवढे साधे नाही. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. ऊन पाणी पुरेसे प्यायला की तो फुगतो आणि मऊ पडतो. ब्रश हे पाणी आपल्या केसांत साठवून गालावर नेतो, त्यात साबण घोळून फेस करतो आणि आडवे पडलेले केस उभे करतो. म्हणून ब्रशाची प्रत त्याच्या केसांवर ठरते. विलायतेत बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या जनावराचे केस सर्वांत उंची मानतात, कारण ते पाणी फार धरतात. त्याखालोखाल डुकराचे राठ केस. ते वापराने टोकाला चिरतात आणि मऊ होतात. आपल्या कानपूरचा ह्या केसांचा व्यापार एके काळी मोठा नावाजलेला होता. आमचे एक मुसलमान शेजारी ब्रश घेताना दुकानदाराला तीनदा विचारीत, "केस कशाचे?" आणि माळकरी गृहस्थ शेजारी उभे राहून तेच उत्तर कान देऊन ऐकत. ब्रशाने केलेले हे ऐक्य काही लहान नव्हे!

घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रशही निघत. त्यांनी पहिल्या महायुद्धात अनर्थ केला. लढाईमुळे मालाच्या नेहमीच्या वाटा तुटल्या, जंतू न मारलेले केस बाजारात आले, आणि दाढी करणाऱ्या शिपायांच्या गालांवर काळपुळी उठू लागली. गुरांना फाशी नावाचा जो रोग होतो तोच हा. त्याचे बीज इतके चिवट की ब्रश नुसता धुऊन ते मरत नाही. शेवटी 1920 मध्ये इंग्लंडने जपानी ब्रशांची आयातच बंद केली. म्हणजे ज्या शिपायाला तोफेने सोडले, त्याला कधी कधी ब्रशाने गाठले.

पण त्याच युद्धाने घरोघरची दाढीही बदलली. जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पातळ पात्याचा सुरक्षित वस्तरा काढला होता. 1903 साली त्याचे अवघे 51 वस्तरे आणि 168 पाती खपली. युद्ध सुरू झाले, विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून दाढी रोज काढणे भाग पडले, आणि एकट्या अमेरिकेच्या सैन्यासाठी 35 लाख वस्तरे व 3 कोटी 20 लाख पाती गेली. शिपाई घरी परतले ते दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन. आमच्या सावित्रीच्या खाडीकाठी ब्रश आला तो ह्याच वाटेने, शिपायाच्या पेटीतून.

हा मुलूख पलटणीचा जुना. खाडीच्या मुखाशी असलेले बाणकोट 1756 च्या तहाने इंग्रजांकडे गेले, आणि त्यांच्या फौजेत ह्या काठची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि लेखणी हाती घेऊन अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले. पुढे सरकारने महारांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभारली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडली.

आता आजोबांची गोष्ट. त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या गालाला न्हाव्याचा हात कधी लागला नाही. न्हावी गावाचा बलुतेदार. खळ्यावर त्याला वर्षाचे धान्य मिळायचे. तो म्हशी भादरायचा. पण आमच्या माणसाची दाढी करायची म्हटले तर त्याला ते चालत नसे. मग वस्तीतलाच कोणी बोथट वस्तऱ्याने, गार पाण्याने, महिन्या-दीड महिन्याने गाल खरवडून काढी. लग्नाला जायचे तर रक्ताच्या रेघा घेऊन, नाही तर खुंट वाढवून. "आणि मग तेच लोक म्हणायचे," आजोबा फणी थांबवून म्हणाले, "की ही माणसे बघा कशी गलिच्छ राहतात."

मला त्या न्हाव्याचा भयंकर राग आला. आजोबांना मात्र आला नव्हता. ते म्हणाले, "त्याने आमच्या गालाला हात लावला असता, तर दुसऱ्या दिवशी सारा गाव त्याचे बलुते बंद करता. त्याच्या हातात वस्तरा होता, पण मूठ दुसऱ्याची होती."

पुढे इतिहास वाचताना ह्या वाक्याची आठवण मला वारंवार झाली. पोलादपूरच्या वर प्रतापगड आहे. तिथे 10 नोव्हेंबर 1659 रोजी सय्यद बंडाचा वार शिवरायांवर उतरण्याआधी तोडणारा जिवा महाला न्हावी समाजाचा. संत सेना न्हावी तर अवघ्या वारकऱ्यांचे. आणि 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवले, की विधवेच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. ज्या हाताने नको ते काम करायचे नाकारले, त्याच हाताने हवे ते काम करण्याची मुभा त्याला नव्हती. निदान गावात तरी नव्हती.

डिसेंबर 1927. मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला आले होते, 20 तारखेला चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी ओंजळीने घेतले होते, आणि त्यापायी मारही खाल्ला होता. आता दुसरी परिषद भरायची होती. बाबासाहेब ह्या खेपेस मुंबईहून बोटीने दासगावच्या बंदरात उतरणार होते. तिथून महाड पाचेक मैल. माझ्या पणजोबांना बंदरावर जायचे होते. पण दाढी? बाबासाहेबांपुढे असे खुंट घेऊन कसे उभे राहायचे?

वस्तीत पलटणीतून परतलेले एक वयस्क शिपाई होते. त्यांनी आदल्या संध्याकाळी अंगणात पाट मांडला, पेटीतून वस्तरा काढला, आणि त्याबरोबर एक ब्रश. वस्तीने ब्रश तोवर पाहिला नव्हता. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे. त्यांनी पाहिले, की बापाच्या गालावर पांढराशुभ्र फेस चढला आणि बाप लहान मुलासारखा हसला. कंदिलाच्या उजेडात त्या शिपायाने एकामागून एक दाढ्या केल्या, आणि प्रत्येक दाढीनंतर पाणी बदलले. 25 तारखेला ती माणसे बंदरावर उभी राहिली ती तुळतुळीत गालांनी. त्या दिवशी रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली. हे पुस्तकांत आहे. आदल्या रात्री आमच्या अंगणात किती दाढ्या झाल्या, ते पुस्तकांत नाही.

1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि दुसऱ्या वर्षी आजोबा भरती झाले. पहिल्या पगारातून आईला लुगडे घेतले आणि स्वतःला कॅन्टीनमधून ब्रश. खळीत बुडवला तो हाच! त्याचे केस पुढे कधीतरी झडले तेव्हा त्यांनी मूठ तीच ठेवून नवा झुबका बसवून घेतला होता.

"दुसऱ्याच्या हातून दाढी करून घेणे हे सुख असेल," आजोबा म्हणाले, "पण दुसऱ्याने ती नाकारली म्हणून अडून बसायचे नाही, हे मला ह्याने शिकवले. म्हणून ह्याला जपायचे."

आणि ते खरोखरीच जपत. दाढी झाली की ब्रश तीन पाण्यांत धुवायचा, मुळाशी साबण राहू द्यायचा नाही, कारण राहिलेला साबण खडूसारखा घट्ट होतो आणि केस मोडतात. मग तीनदा झटकायचा, पंचाला टेकवायचा, आणि केस खाली येतील असा टांगायचा, म्हणजे पाणी मुठीत मुरत नाही. डबीत ओला कोंबायचा नाही. कोकणच्या पावसाळ्यात चपलेला सुद्धा बुरशी येते, तिथे ब्रशाची काय कथा! आषाढ-श्रावणात तो चुलीपासून हातभर दूर टांगलेला असे. ऊब लागावी, धूर लागू नये.

यथावकाश कायदा आला. 1950 च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात दुकान म्हणजे काय हे सांगताना केशकर्तनालय स्पष्ट शब्दांत घातले गेले. वाचकहो, ज्या देशात हे कलमात लिहावे लागले, त्या देशाचा इतिहास लढायांत शोधून कसे भागेल? कायद्यानंतरही आजोबा सलूनमध्ये गेले नाहीत. राग म्हणून नव्हे. "मला येते," एवढेच म्हणत.

पण नव्वदीकडे झुकल्यावर हात कापू लागला. एके सकाळी हनुवटीवर रक्त पाहून मी माझ्या वर्गमित्राला निरोप धाडला. त्याचे महाडात सलून आहे, आणि त्याचे आजोबा म्हणजे आमच्या पणजोबांच्या काळातल्या न्हाव्याचे चिरंजीव. तो सुट्टीच्या दिवशी घरी आला, आजोबांच्या पाया पडला, आणि म्हणाला, "आजोबा, ब्रश तुमचा घेऊ की माझा?"

आजोबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "माझा घे," ते म्हणाले. "पाणी कोमट घे. आणि झाल्यावर उलटा टांग."

फेस चढला. आजोबांनी डोळे मिटून घेतले. वस्तरा फिरत होता तोवर पडवीत कोणी बोलले नाही. दाढी झाल्यावर त्यांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमच्या घराण्याचा हात हलका, असे ऐकून होतो."

आता आजोबा नाहीत. माझा मुलगा डब्यातला तयार फेस गालाला लावतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. त्याला मी काही म्हणत नाही. खांबावर ब्रश आहे, मूठ तीच. दिवाळीच्या आधी मी तो कोमट पाण्यात भिजवतो, विंचरतो, झटकतो आणि पुन्हा उलटा टांगतो. परवा मुलगा कंदिलाला खळ लावायला काही शोधत होता. मी त्याला हाक मारली, आणि आधी वाटीभर पाणी आणायला सांगितले.