उतारवयातील पुरुष : वजन आणि शरीरातील सुप्त दाह

जखम झाली की तिच्याभोवतीचा भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. शरीराच्या या संरक्षक प्रतिक्रियेला दाह म्हणतात. जखम भरली की तो शमतो. दाहाचा दुसरा प्रकार मात्र मंद आणि वेदनारहित असतो, आणि वर्षानुवर्षे रेंगाळतो. वाढत्या वयाबरोबर तो बळावतो. इटालियन संशोधक क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले. हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. साठी ओलांडलेल्या पुरुषांत या दाहाला खतपाणी घालणाऱ्या कारणांपैकी पोटातील चरबी हे एक प्रमुख कारण होय.

चरबी केवळ ऊर्जेचा साठा करीत नाही. मेदपेशी दाहकारक द्रव्ये निर्माण करतात, हे १९९३ मध्ये प्रयोगशाळेतील उंदरांवरील संशोधनातून दिसून आले. मेद वाढतो तशा त्यात रोगप्रतिकारक यंत्रणेच्या भक्षक पेशी शिरतात, असे २००३ मध्ये स्पष्ट झाले. या पेशींतून ‘इंटरल्युकिन-६’सारखी द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यांच्या संकेतावरून यकृत ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’ म्हणजे सीआरपी तयार करते. रक्तचाचणीत दाह मोजला जातो तो याच प्रथिनावरून.

चरबीचे प्रमाण केवळ वजनावरून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक (बीएमआय) २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. पुढे २००८ मध्ये याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ग्रामीण पुरुषांच्या तुलनेत शहरी मध्यमवर्गीयांत चरबी आणि दाहनिदर्शक दोन्ही अधिक आढळले.

गोव्याला हा विषय परका नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आहे, तर गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत हे सर्वाधिक.

वृद्धापकाळी वजनाचा आकडा आणखी फसवा ठरतो. स्नायू झिजतात, टेस्टोस्टेरॉन घटते आणि चरबी पोटाकडे सरकते. त्यामुळे वीस वर्षे वजन तेवढेच राहिले तरी त्यातील स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असू शकते. म्हणून कंबरेचा घेर मोजणे हितावह. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर मोजपट्टी लावावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. भारतीयांच्या निकषांनुसार बीएमआय २३ च्या पुढे गेला की अतिवजन धरले जाते.

उच्च संवेदनशील सीआरपी चाचणीत लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी हृदयविकाराच्या दृष्टीने कमी जोखमीची, तर ३ पेक्षा अधिक पातळी जास्त जोखमीची समजतात. आकडा १० च्या वर गेल्यास एखादा संसर्ग किंवा इजा कारणीभूत असू शकते. अशा वेळी काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. केवळ या आकड्यावरून निदान होत नाही.

दिलासा असा की हा दाह कमी करता येतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये घेण्यात आला. त्यानुसार दर एक किलो वजन घटल्यावर सीआरपी लिटरमागे सरासरी ०.१३ मिलिग्रॅमने उतरते. मात्र ज्येष्ठांनी उपासतापास करून वजन उतरवू नये. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. रोजचे चालणे, स्नायूंना ताण देणारा हलका व्यायाम, डाळी-कडधान्ये, मासळी, अंडी यांतून पुरेशी प्रथिने आणि धूम्रपानाचा त्याग हा मार्ग सुरक्षित. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलोंहून अधिक, तर ते सुचिन्ह समजू नये. क्षयरोग, कर्करोग किंवा अनियंत्रित मधुमेह त्यामागे असू शकतो. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.