सूरजागडला प्रश्न कुठे विचारायचा?

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते. इलाख्यातल्या सत्तर गावांचे माडिया लोक पूजेला जमतात आणि तिथेच सभाही बसते. इथल्या लोहखाणीविरुद्धचे ठराव अशाच सभांत झाले. मी याच भागात समाजशास्त्र शिकवतो. प्रयोगपद्धतीचा धडा आला की मला ही सभा आठवतेच.

पुस्तकात असतो सॉलोमन अ‍ॅशचा 1951चा प्रयोग. एका खोलीत काही विद्यार्थी, समोर रेषा. कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी, ते सांगायचे. एक सोडून बाकी सगळे ठरवून चुकीचे उत्तर देतात. त्या एकट्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निदान एकदा तरी इतरांच्या मागे गेले. कुणाचे ऐकावे लागले नाही, तेव्हा चुका जवळजवळ झाल्याच नाहीत. बदलली फक्त एक गोष्ट, म्हणून कारण नेमके हाती आले. नुसत्या सर्वेक्षणाला हे साधत नाही.

प्रयोगाची ही ताकद आमच्या गडचिरोली जिल्ह्याने अनुभवली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, तुलनेला 47 गावे ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर 62 टक्के घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ती 47 गावे नसती, तर मृत्यू आपोआपच घटले असते, असे कुणीही म्हटले असते.

पण अ‍ॅशच्या खोलीत माणसे अनोळखी होती आणि रेषेवर कुणाचे पोट नव्हते. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, सोयरे बसतात, उद्या त्याच जंगलात मोहफुले वेचणारे. एकाचे पटले नाही तर बोलणे लांबते, बैठक पुन्हा बसते. दबाव तिथेही असतो. ज्येष्ठांपुढे पोरे गप्प राहतात. तरी त्या एकमताला अ‍ॅशचा आकडा लावणे मला अन्यायाचे वाटते. तिथला दबाव ओळखायला त्या बैठकांतच वर्षानुवर्षे बसावे लागेल.

जागा बदलली की उत्तर बदलते, हे तर प्रयोगशाळेनेच शिकवले. तरीही खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी 2022 साली इलाख्यापासून दूर, गडचिरोलीला झाली. पुढची सुनावणी सूरजागडच्या गोटुलात घ्या, माडियात घ्या, आणि बैठक जितके दिवस चालेल तितके दिवस थांबा.