पट्टा पडेपर्यंत

इंग्लंडमध्ये कालव्यांवरच्या चिंचोळ्या बोटींत घर करून राहणारी हजारो माणसं आज आहेत. हिवाळ्यात बोटीतली शेगडी धगधगत ठेवायची, मार्च आला की खिडक्या उघडायच्या आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं... ऐकायला मस्त वाटतं. पण या बोटींचा इतिहास वाचायला घेतला आणि मला राहून राहून आमच्या तलवाड्याकडच्या ऊसतोडीवाल्यांची कोपी आठवायला लागली.

ही बोट साधारण ७ फूट रुंद आणि ७० फूट लांब. त्यातली बहुतेक जागा कोळशाची, मालाची. माणसांसाठी मागे जेमतेम १० फुटांची खोली. त्यातच चूल, अंथरूण, नवरा-बायको आणि पोरं. सुरुवातीला बऱ्याच नावाड्यांची घरं काठावरच्या गावांत असत. पुढे रेल्वे आली, मालाचे दर पडले. घराचं भाडं आणि गड्याची मजुरी, दोन्ही परवडेना. मग बायको-पोरं हीच गडी झाली, आणि बोट हेच घर.

आता आमच्याकडे या. तलवाडा म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं गाव. कालवा आमच्या तालुक्यातही आहे बरं का! जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, उद्घाटन १९७६ मध्ये, आणि पैठणचा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा गेवराईतूनच माजलगावला जातो. त्याच्या पाण्यावर ऊस झाला, गढीला साखर कारखाना झाला. पण पाणी सगळ्यांच्या रानात काही पोचलं नाही. ज्यांच्या रानात नाही पोचलं, ते दुसऱ्यांच्या रानातला ऊस तोडायला जातात.

हे जाणं जायकवाडीच्या आधीचं आहे. १९५०-५१ मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, मागोमाग नगर आणि पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर तर बीडहून बाहेर पडणारी गर्दी फारच वाढली. ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाने कमी होते, म्हणून तो लवकरात लवकर गाळावा लागतो. कारखाना एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्यामुळे तोडणारा माणूस उसाजवळच राहायला हवा, रात्री-अपरात्री गाडी भरायला हाताशी हवा. मजुरी टनावर. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, म्हणजे हंगाम फेडण्यातच जायचा. एकट्या माणसाचा हिशेब इथे बसतच नाही. बोटीवर जे रेल्वेमुळे झालं, ते आमच्याकडे उचलीनं केलं.

कोपी म्हणजे बांबू, चटया, पाचट आणि वर ताडपत्री. आत वाकून शिरायचं. दिवाळीनंतर तिथे मुक्काम पडतो तेव्हा थंडी सुरू झालेली असते. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या आणि दवानं भिजलेल्या फडात शिरायचं. संक्रांत तिथेच, शिवरात्र तिथेच. होळीच्या सुमारास ऊन तापायला लागतं. ऊस वाळतो, वजनाला हलका होतो. कष्ट तेवढेच, टन मात्र कमी भरतात. कवींना वसंत कसा दिसतो ते ठाऊक नाही, फडात तो असा येतो. मग सगळे एकाच गोष्टीची वाट बघतात... पट्टा कधी पडणार? म्हणजे हंगाम कधी संपणार?

पट्टा वेळेवर पडेलच असंही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हजारो कुटुंबं कोप्यांमध्येच अडकली. घरी परतायची परवानगी मिळाली ती एप्रिलच्या मध्यानंतर. २०२१-२२ मध्ये ऊस इतका होता की राज्यातला हंगाम जूनपर्यंत लांबला. मे महिन्यात ताडपत्रीखाली दुपार काढून बघा!

या सगळ्यात पोरांचं काय? इंग्लंडमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं हा प्रश्न लावून धरला आणि १८७७ मध्ये कायदा झाला. माणसं राहतात त्या प्रत्येक बोटीची नोंदणी करायची, किती जणांनी राहायचं ते ठरवायचं, आणि बोट जिथे नोंदली ते गाव शाळेपुरतं पोरांचं गाव मानायचं. अंमल ढिलाच होता, पोरं शिकली थोडीच. पण बोट हेही घर आहे हे सरकारनं कागदावर मान्य केलं.

आपल्याकडे साखरशाळा झाल्या. पोरांना गावातच आजी-आजोबांपाशी ठेवून जेवण देणारी हंगामी वसतिगृहं झाली. २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रं द्यायचं ठरलं, आणि त्याच वर्षी संत भगवानबाबांच्या नावानं ८२ वसतिगृहांची योजना आली. चांगलंच आहे. पण यातला बराचसा विचार पोरांना कोपीतून बाहेर काढायचा आहे. बाकीचं घर कोपीतच राहतं, त्याचं काय? तिथे पाणी, संडास, दिवा असलाच पाहिजे आणि तो कुणी द्यायचा, कारखान्यानं, मुकादमानं की सरकारनं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. मला वाटतं, गाडा इथेच अडलाय. सहा महिने माणूस जिथे झोपतो, त्याला आपण अजून घर म्हणत नाही.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचे कालवे कित्येक आठवडे गोठले. बोटी बर्फात अडकल्या, माल रस्त्यानं गेला. बर्फ वितळलं तरी तो धंदा काही सावरला नाही. बोटी मात्र उरल्या, आणि पुढे हौशी लोकांनी त्या नटवल्या. आमच्याकडेही ऊस तोडायची यंत्रं फडात आली आहेत. उद्या कोयता थांबला, तर कोपी जपायला कुणी येणार नाही, आणि तिचं दुःखही करायला नको. पण ज्यांनी तिच्यात पन्नास-पन्नास वर्षं हिवाळे काढले, त्यांची नोंद तोवर नीट व्हावी. आणि कोयता खाली ठेवल्यावर हाताला दुसरं काहीतरी काम असावं. तेही तलवाड्यातच असेल, तर फारच उत्तम.