गाठोडे बांधणारे आणि सोडणारे

एकत्र बांधून आलेल्या फायली मोकळ्या करायला आणि जुन्या सीडीवरचे भाषण किंवा गाणे घरच्या संगणकात उतरवून घ्यायला कोणता प्रोग्रॅम वापरावा, असे शिक्षक मित्र आम्हाला वरचेवर विचारतात. एखादे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण प्रोग्रॅम येतात आणि जातात. त्यांनी बांधलेली गाठोडी मात्र आपल्याकडे राहतात. म्हणून नाव सांगण्याआधी थोडा इतिहास पाहू.

गोष्ट सुरू होते वर्गातच. १९५१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रा. रॉबर्ट फॅनो यांनी विद्यार्थ्यांना मुभा दिली : परीक्षा द्या, नाहीतर एक प्रश्न सोडवून निबंध लिहा. प्रश्न असा, की मजकुरातील प्रत्येक अक्षराला ० आणि १ यांचे असे संकेत कसे द्यावेत, की एकूण लांबी कमीत कमी भरेल? खुद्द फॅनो यांनाही याचे सर्वोत्तम उत्तर सापडलेले नव्हते. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याला ते सापडले. फॅनो वरून खाली विभागणी करत येत. हफमनने सर्वांत कमी वेळा येणाऱ्या दोन अक्षरांची जोडी लावून खालून वर जायचे ठरवले. वारंवार येणाऱ्या अक्षराला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब, ही त्याची पद्धत १९५२ साली प्रसिद्ध झाली.

दुसरा धागा १९७७ चा. इस्रायलमधील जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी पुनरावृत्तीकडे लक्ष दिले. आपल्या पत्रकात ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ हे शब्द पन्नास वेळा आले, तर दरवेळी ते लिहायचे कशाला? ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी उचल’ एवढे सांगितले की पुरे. आपण तक्त्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहितो, तसेच हे. गाठोडे सोडताना मूळ मजकूर एका बिंदूचाही फरक न पडता परत मिळतो.

१९८० च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून फायली पाठवणे मंद आणि खर्चिक होते. त्यामुळे ‘आर्क’ हा गाठोडे बांधणारा प्रोग्रॅम लोकप्रिय झाला. मिलवॉकी शहरातील फिल कॅट्झ यांनी त्याच जातीचा, पण अधिक वेगवान ‘पीकेआर्क’ बनवला. आर्कच्या मालकांनी १९८८ साली त्यांच्यावर दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. कॅट्झ यांनी मग १९८९ साली स्वतःची नवी रचना आणली, ती म्हणजे ‘झिप’. या रचनेचा तपशील त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. १९९३ साली त्यांनी हफमन आणि लेम्पेल-झिव्ह यांच्या कल्पना एकत्र गुंफलेली ‘डिफ्लेट’ पद्धत झिपमध्ये आणली.

खुलेपणाचे फळ केवढे मोठे असते पाहा. कॅट्झ २००० साली वारले, पण झिप जगले. आज वर्डची ‘डॉक्स’ फाईल म्हणजे आतून एक झिपच असते. तिची एक प्रत काढून नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. मजकूर आणि चित्रे वेगवेगळी दिसतील. वर्गात करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे.

उलट उदाहरण ‘एस’ या बंदिस्त रचनेचे. ‘विनरार’ या प्रोग्रॅममध्ये एस गाठोडी सोडणारा एक तयार भाग जोडलेला होता. त्यात एक घातक फट असल्याचे २०१९ साली जाहीर झाले : गाठोड्यातील फाईल आपण नेमलेल्या जागेबाहेर जाऊन बसू शकत होती. त्या भागाची मूळ आज्ञावली विनरारच्या कर्त्यांकडे नव्हतीच. फट बुजवणार कशी? शेवटी एस उघडण्याची सोयच काढून टाकावी लागली.

आता आवाजाकडे वळू. १९८२ साली बाजारात आलेल्या ध्वनी-सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापे असतात. प्रत्येक माप १६ बिटांचे, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही. तो गाळला तर? ही पद्धत १९९३ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात आली आणि पुढे ‘एमपीथ्री’ या नावाने घरोघरी पोचली. सेकंदाला १,२८,००० बिट ठेवले, तर फाईल मूळच्या अकराव्या हिश्शाएवढी होते. पण गाळलेले परत मिळत नाही. २००१ साली आलेली ‘फ्लॅक’ ही खुली पद्धत मात्र काहीही न गाळता आकार कमी करते.

सीडीवरून आवाज उतरवण्यातही एक मेख आहे. माहितीच्या सीडीवर दर २३५२ बाइटांतील २०४८ बाइट माहितीचे, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक पत्ता व चूकदुरुस्तीसाठी असतात. ध्वनी-सीडीवर सर्व २३५२ बाइट आवाजालाच दिलेले. ओरखड्यामुळे काही वाचता आले नाही, तर यंत्र अंदाजाने भर घालते आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून १९९८ साली जर्मनीतील आंद्रे वीथॉफ यांनी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम आणला. तो तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतो आणि शंका राहिलीच, तर तसे सांगतो.

तेव्हा निवड करताना वेगाआधी दोन गोष्टी पाहाव्यात. रचना खुली आहे का? आणि चूक झाली तर प्रोग्रॅम ती सांगतो का? फायलींसाठी झिप पुरेसे आहे. इतर गाठोडी सोडायला इगॉर पावलोव्ह यांचा, १९९९ पासून विनामूल्य मिळणारा ‘सेव्हन-झिप’ चांगला. आवाजाची मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि वाटायला त्यातून एमपीथ्री काढावी. फ्लॅकवरून एमपीथ्री केव्हाही करता येते. एमपीथ्रीतून मूळ आवाज परत काढण्याची युक्ती मात्र कोणाकडेच नाही. शाळेतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींचे भाषण एकाच सीडीवर उरले असेल, तर ते उतरवण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.